पडद्यावरच्या सभेची पूर्वतयारी

२०२० च्या टाळेबंदीत निरुपायाने सुरू झालेली ऑनलाईन व्याख्याने आता अंगवळणी पडली आहेत. परगावच्या वक्त्याचा प्रवासखर्च वाचतो, हे खरेच. परंतु सतरंज्या घालायच्या नाहीत म्हणजे तयारीही नको, हा समज मला मान्य नाही.

वाङ्मय मंडळाचे काम करताना मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो आवाज. चित्र अस्पष्ट झाले तरी श्रोता थांबतो. आवाज तुटू लागला की तो निघून जातो. म्हणून वक्त्यांना आदल्या दिवशी त्याच खोलीत बसवून तालीम घ्यावी. पंखा किती घरघरतो हे तेव्हाच कळते!

यूट्यूबवर पहिल्यांदाच थेट प्रक्षेपण करायचे तर ती सोय सुरू होण्यास २४ तास लागू शकतात. झूमची विनामूल्य सभा ४० मिनिटांत संपते. आपल्याकडे अध्यक्षीय समारोप त्यानंतरच रंगात येतो.

शिवाय यूट्यूबवर वक्त्याचे शब्द काही सेकंद उशिरा पोहोचतात. ‘कुणाला प्रश्न आहेत का?’ असे विचारून निवेदकाने लगेच आभार मानले, तर खेड्यात मोबाईलवर ऐकणाऱ्या मुलीचा प्रश्न लिहून होईतो सभा उठलेली असते. सभागृहातही तिला मागच्या बाकावरून बोलायची संधी क्वचितच मिळते. यासाठी निवेदकाने स्वतःचे दोन प्रश्न हाताशी ठेवावेत. त्यांची उत्तरे चालू असता श्रोत्यांचे प्रश्न टिपून घेण्यास दुसरा विद्यार्थी नेमावा. आणि प्रश्न वाचताना विचारणारीचे नाव अवश्य घ्यावे.