नवजात कक्षाची धास्ती

प्रश्न : सुनेची प्रसूती भंडाऱ्यात होणार आहे. बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर? ती आग आठवते. – एक आजी, साकोली

उत्तर : आजी, भीती रास्त आहे. ९ जानेवारी २०२१ला पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात १० बाळं गेली, ७ वाचली. गेलेल्यांतली बहुतेक धुराने गुदमरली. म्हणून भिंतीवरचं लाल नळकांडं पाहून निश्चिंत होऊ नका. धुराची सूचना देणारी यंत्रणा आहे का, रात्रभर परिचारिका कक्षातच असते का, हे विचारा. राज्याच्या २००६च्या कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. त्याची चौकशी करायला संकोच कसला? पण या धास्तीपायी कमी वजनाचं बाळ घरी ठेवू नका. तो धोका कितीतरी मोठा.