कॅक्टसचं कलम: आधी खुंट पाहा

लाल-पिवळ्या गोळ्यांचे कलमी कॅक्टस मी हौसेने पुण्यात गच्चीवर जमवले आणि एका कडक थंडीत त्यातले बहुतेक गेले. वरचा गोळा शेवटपर्यंत तजेलदार दिसत होता. खालचा तिधारी हिरवा खुंट मात्र मातीलगत पिवळा पडला, मऊ झाला आणि बोटाने दाबला तर पाणी सुटायला लागलं. तेव्हापासून कोणी कलमाबद्दल विचारलं की मी आधी खुंटाची चौकशी करतो.

तो लाल गोळा म्हणजे पॅराग्वेच्या जिम्नोकॅलिशियमचा, १९४१ साली जपानमध्ये रोपांत सापडलेला प्रकार. त्याच्यात हरितद्रव्य नाही, त्यामुळे स्वतःच्या मुळांवर तो जगूच शकत नाही. त्याला खुंटच पोसतो. बाजारात हा खुंट बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या खोडाचा असतो. त्याची कांडी पटकन मुळं धरते, भराभर वाढते, स्वस्तही पडते. पण त्याला ऊब हवी. पारा दहा अंशांच्या खाली गेला, त्यात कुंडी ओली असली, की तो सडतो. कोकणात थंडीची भीती नाही, तिथे पावसापासून जपावं लागतं.

झाड वर्षानुवर्षं टिकवायचं असेल तर ट्रायकोसेरियस किंवा आपल्याकडे बागांतून दिसणारा उंच सेरियस घ्यावा. वाढ जरा सावकाश होते, पण हे खुंट थंडी सोसतात. मिर्टिलोकॅक्टस उन्हाळ्यात उत्तम, गारठ्यात नाजूक. बियांपासून उगवलेली इवलीशी रोपं झपाट्याने वाढवायला पेरेस्किऑप्सिससारखा खुंट नाही. मात्र त्यावर रोप कायमचं ठेवू नये. एरिओकार्पससारखं मुळात संथ वाढणारं झाड त्यावर फुगतं आणि त्याचा मूळचा घाट हरवतो. बाळसं धरलं की जाड खुंटावर हलवावं.

कुंपणावरचा त्रिधारी निवडुंग चालेल का, असं अनेकजण विचारतात. चालणार नाही. दिसायला तो ड्रॅगन फ्रूटच्या जवळचा, पण तो युफोर्बिया, कूळच वेगळं. कापल्यावर पांढरा चीक आला तर तो कॅक्टसचा खुंट नव्हे. तो चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

खुंट रसरशीत, वाढीला लागलेला हवा. स्वच्छ, धारदार पात्याने आडवा काप घेतला की मध्ये एक फिकट कडं दिसतं. खुंटाचं आणि वरच्या तुकड्याचं कडं कुठेतरी एकमेकांवर आलंच पाहिजे. आकार जुळत नसेल तर तुकडा थोडा बाजूला सरकवून बसवा. धारांच्या कडा तिरप्या छाटायला विसरू नका. काप सुकताना गर खाली बसतो, सालीची कड तशीच उभी राहते आणि तुकडा उचलला जातो. कलमं फसण्याचं हे कारण फार थोडे लोक सांगतात. मग रबरबँड, सावली, आणि जोड धरेपर्यंत कापावर पाण्याचा थेंबही नको.

थंडी सरली की काम हाती घ्या, पावसाळ्यात टाळा. घरी ड्रॅगन फ्रूटवरचं कलम असेल तर खुंट सुरकुतायची वाट पाहू नका. वरचा गोळा निरोगी आहे तोवरच तो कापून सेरियसवर चढवा; सड जोडापर्यंत पोचली की मग उपाय उरत नाही.