सरकारने किती करावे?

चोर पकडावेत, तंटे सोडवावेत, सरहद्द राखावी, ही सरकारची कामे. त्याबद्दल कोणी भांडत नाही. भांडण पुढे लागते. रिकाम्या हाताला काम देणे हे सरकारचे काम आहे का? पिकाच्या भावात सरकारने हात घालावा का? आपण दोन गोष्टी पाहू.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. गुरे कवडीमोलाने गेली. लाखो बायामाणसे खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर गेली. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणे हा माणसाचा हक्क आहे, असे ते म्हणत. त्यातून रोजगार हमी योजना निघाली. पुढे तिचा कायदा झाला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितले की पंधरा दिवसांत द्यायचे, नाहीतर बेकारीचा भत्ता द्यायचा, असे त्यात लिहिले होते. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ सालीच नोकरदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला होता. तेवढीच भर सरकारने घातली. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातले पैसे खेड्यातल्या मजुराला मिळू लागले.

काही जण म्हणाले, "अशानं लोक आळशी होतील." उन्हात खडी फोडणाऱ्याला आळशी म्हणायचे म्हणजे कमालच! पण हजेरीपटावर खोटी नावे चढतात, पैसा मधेच जिरतो, ही तक्रार खरी होती. बड्या बागायतदाराचे दुखणे निराळे. त्याला स्वस्तात मजूर मिळेना.

आता कांदा. शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून आले. चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू शेती केली, खर्चाचा हिशेब मांडला, आणि १९७९ साली शेतकरी संघटना काढली. ते म्हणत, शेतकऱ्याला सरकारची मेहरबानी नको. सरकारने त्याच्या वाटेतून बाजूला व्हावे, म्हणजे झाले. शहरात कांदा महागला की सरकार तो परदेशी जाऊ देत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तसेच झाले. मे २०२४ मध्ये बंदी उठली.

आम्हाला जोशींचे पटते. भाव चढला की दार लावायचे आणि पडला की नशीब म्हणायचे, हा कुठला न्याय? पण पागेंचेही पटते. कोणी म्हणेल, "हे तर दोन्ही डगरींवर हात ठेवतात." तसे नाही. जोशी बोलत होते ते ज्याच्याजवळ विकायला माल आहे त्याच्यासाठी. पागे बोलत होते ते ज्याच्याजवळ नुसते हात आहेत त्याच्यासाठी. आपल्या गावात दोघेही राहतात. चाळीत कांदा भरून भावाची वाट बघणारा आहे. मजुरी घेऊन घरी जाताना पावशेर कांदा विकत घेणारी बाईही आहे.

तुमच्या गावात यांतले कोण जास्त? ग्रामसभेत बोलतात ते कोण? पुढच्या सभेला मोजून पाहा.