‘होईल सवय’ म्हणणाऱ्यांपासून सावध

सायकलवर हात बधिर होतात म्हणून विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘होईल सवय.’ गुडघ्याच्या मागे शीर ओढल्यासारखी होते म्हटलं, तरी ‘होईल सवय.’ बसायच्या जागी इतकं सोलवटलं होतं की ऑफिसच्या खुर्चीवर नीट टेकवत नव्हतं. ही गोष्ट बायकांनी विचारायची म्हणजे आधीच चोरी. सायकलच्या ग्रुपमधल्या एकीच्या कानात कुजबुजले, तर ती हसून म्हणाली, ‘सगळ्यांचं होतं गं सुरुवातीला.’ सगळ्यांचं होत नाही. माझं होत होतं, आणि त्याला कारण होतं. ते कारण दुकानातून बाहेर पडताना माझ्या मांड्यांच्या मध्येच होतं.

आमच्या नाशिकमध्ये सायकलला भलताच मान आहे. २०१५ साली हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी दोघांच्या संघात ‘रॅम’ पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत. अशा शहरात ‘वजन वाढलंय’ म्हणायची खोटी, की समोरचा म्हणतोच, ‘सायकल घे.’ मीही घेतली. वजन ७१, उंची पाच फूट एक इंच, पाळीचं वेळापत्रक कोलमडलेलं आणि रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे.

मी विचारलं नाही असं कुणी म्हणू नये. दुकानात सायकलवर बसवलं तेव्हा पायाचे चवडे जेमतेम टेकत होते आणि हँडल धरायला वाकून पुढे झेपावावं लागत होतं. ‘ही मला मोठी होत नाही ना?’ मी एकदा नाही, तीनदा विचारलं. मालकांनी सीट खाली केली. ‘आता बघा मॅडम. ॲडजस्टेबल असतं सगळं.’ मग आवाज उतरवून, जणू माझ्यावर उपकार करत असल्यासारखे म्हणाले, ‘आणि वजन कमी झालं ना, की अगदी फिट्ट बसेल.’ वजन कमी झाल्यावर उंची वाढते का हो? हे तेव्हाच सुचायला हवं होतं, पण दुकानात ते जाणकार आणि आपण गिऱ्हाईक. साडेअठरा हजार मोजले. बाटलीचा स्टँड फुकट मिळाला, तो हौसेने बसवून दिला आणि शेजारी दुकानाच्या नावाचा चमचमता स्टिकर डकवला.

त्या स्टिकरबद्दल सांगायलाच हवं.

त्र्यंबक रोडला सातपूरच्या पुढे पंक्चर झालं. ग्रुप पुढे निघून गेलेला (ग्रुपबद्दल पुढे बोलतेच). पंक्चरच्या टपरीवरचा पोरगा सतरा-अठराचा असेल. त्याने ट्यूब काढली, तसराळ्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले आणि मान वर न करताच विचारलं, ‘मामी, कुणाची सायकल घेऊन आलात?’ मी म्हटलं, ‘माझीच.’ त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं. ‘तुमची?’ एवढंच. पण त्या ‘तुमची’मध्ये सगळं होतं. सीटखालच्या दांड्यावर तो चमचमता स्टिकर उन्हाने एका कोपऱ्यात सुटला होता. मी नख घातलं. निम्मा निघाला, निम्मा फाटला. खाली कंपनीचा छोटा पांढरा स्टिकर होता. त्यावर इंग्रजीतलं ‘एल’ अक्षर आणि बाजूला १९ इंच. पाच फूट नऊ, दहाच्या पुरुषाचं माप. माझ्या उंचीला चौदा-पंधरा इंचाची फ्रेम लागते. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण ‘एक्सएस’ नाहीतर ‘एस’. ‘एल’ कुठेच नाही.

पूर्ण माप झाकेल असा स्टिकर नेमका तिथेच कसा पडतो? दांडा भरपूर लांब होता. मी आरोप करत नाही, विचारते आहे.

त्याच संध्याकाळी दुकानात गेले. ‘इतके महिने चालवलीत ना? मग आत्ता साइज आठवली?’ बदलून द्या म्हटलं, तर म्हणे वापरलेली आहे. मी म्हटलं, मी विचारलं होतं तुम्हाला. त्यावर ते नोकराकडे बघून हसले आणि म्हणाले, ‘लेडीजना सायकलपेक्षा तक्रारच जास्त.’ साडेअठरा हजारांपेक्षा ते हसणं मला जास्त लागलं. अजूनही लागतं.

कुणी म्हणेल, बायकांनी मोठ्या पुरुषी सायकली चालवल्याच नाहीत का? चालवल्यात की. नव्वदच्या दशकात तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, आणि पी. साईनाथांनी लिहिलंय की त्यांतल्या कित्येकींना जेन्ट्स सायकलच हवी असायची, कारण पुढच्या दांड्यावर पोराला बसवता येतं. त्यांनी आपली गरज ओळखून ती निवडली होती. माझ्या गळ्यात दुकानात पडून राहिलेला माल मारला.

तर आता कामाचं. सायकलवर दोन्ही बाजूंना पाय टाकून, बूट घालून, सीटच्या पुढे जमिनीवर उभं राहा. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि आडवा दांडा आणि तुमच्यात दोन बोटं तरी फट हवी. नसेल तर सीट कितीही खाली-वर करा, ती सायकल तुमची नाही. सीटची उंची पाहायला टाच पॅडलवर ठेवून ते तळाला न्या. गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा पॅडलवर आणलात की गुडघ्यात हलकासा बाक राहतो, तोच बरोबर. गुडघा पुढून दुखतो तेव्हा बहुधा सीट खाली असते किंवा गिअर जड असतो. मागून दुखतो तेव्हा सीट वर असते. माझा दोन्हीकडून दुखायचा: मागून सायकलच्या कृपेने आणि पुढून ग्रुपच्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर शरीराचा भार हातांवर पडतोय. म्हणजे हँडल लांब आहे किंवा सीटचं नाक खाली झुकलंय. सवयीचा इथे काही संबंध नाही.

सीट मऊ घेऊ नका. जेलचं कव्हर तर मुळीच नको, त्यात आपण रुततो आणि घर्षण वाढतं. बसण्याची दोन हाडं टेकतील इतकी रुंद सीट हवी. बायकांची ती हाडं सर्वसाधारणपणे जास्त अंतरावर असतात, आणि सायकलीबरोबर येणारी सीट हे पाहून दिलेली नसते. पॅडवाली शॉर्ट घ्या आणि तिच्या आत काहीही घालू नका. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहूनच टाकते. आतल्या कपड्याच्या शिवणीनेच सगळं सोलवटतं.

आता ग्रुप. रविवारी पहाटे गोळा व्हायचं, फोटो काढायचा आणि त्र्यंबकच्या दिशेने सुटायचं. ॲडमिन मागे येऊन ओरडायचे, ‘ताई, गिअर वाढवा, ताकद येते!’ जड गिअरने ताकद येईल तेव्हा येईल, गुडघा आधी जातो. हलका गिअर ठेवून पाय भराभर फिरवा, मिनिटाला ७० ते ९० फेरे. सुरुवातीला सत्तरसुद्धा पुष्कळ. मला धाप लागायची तर ‘स्टॅमिना नाही’ असा शेरा मिळायचा. शेवटी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.२ निघालं. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया. म्हणून सायकलच्या आधी रक्त तपासा, थायरॉईडही. ग्रुपच्या मागे धापा टाकत पळण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

राइडचा शेवट मिसळीवर. नाशिकमध्ये दुसरं काय होणार! वर जिलबी. आणि पुढच्या रविवारी तोच ॲडमिन सगळ्यांसमोर म्हणणार, ‘ताईंचं वजन काही हलत नाही, डाएट बघा ताई.’ हिशोब मीच सांगते. सत्तर किलोच्या बाईने तासात पंधराएक किलोमीटर सायकल चालवली तर साधारण ४०० कॅलरी जातात. मिसळ, दोन पाव, तर्री, शेव आणि जिलबीत त्या व्याजासकट परत येतात. किलोभर चरबीत ७,७०० च्या आसपास कॅलरी असतात. फोनवरचं ॲप ९०० दाखवत असेल तर खूश व्हा, विश्वास ठेवू नका. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा आहे, ती एका रविवारी उरकायची नसते. रोज अर्धा तास घराजवळ फिरलात तरी बसते. शिवाय सायकलवर हाडांवर भार पडत नाही, तेव्हा पाळी जायच्या वयात थोडी वजनं उचलणंही आलंच. बाकी पाणी प्या, वेळेवर झोपा, ते तुम्हाला माहीतच आहे.

पाण्यावरून आठवलं. वाटेत जायला जागा नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीची जळजळ घेऊन घरी येतात. रस्ता निवडताना पेट्रोल पंप कुठे आहेत ते आधी बघा. ग्रुपमध्ये हे बोलले तेव्हा पुरुषमंडळी फोन बघायला लागली होती.

मी ती सायकल सात हजारांना विकली आणि सेकंडहँड ‘एस’ घेतली. हात बधिर होत नाहीत. वजन म्हणाल तर चार किलोच उतरलंय, पण रात्री दोनला जाग येत नाही आणि मला त्याचंच अप्रूप जास्त आहे. ग्रुप सोडला. आम्ही तिघी-चौघी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जातो, बोलता येईल इतक्याच वेगाने.

आणि खरेदी करताना बिलावर फ्रेमची साइज लिहून घ्या, दुकानदाराच्या सहीनिशी. ‘अशी पद्धत नाही’ म्हणाला तर बाहेर पडा. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक १९१५. मीही फोन केला होता. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, ‘मॅडम, बिलावर काय लिहिलंय?’ मी वाचून दाखवलं: ‘सायकल, १ नग, जांभळी.’