एकच तारीख, एकच वर्ष

प्रश्न : आमच्या शाळेत दरवर्षी १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती एकाच कार्यक्रमात होते. या दोन घटना खरोखर एकाच दिवशी घडल्या, की नुसती तारीख जुळते? आणि दोघांबद्दल एकत्र काय बोलावं?

उत्तर : एकाच दिवशी. १ ऑगस्ट १९२०, रविवार. टिळक मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात वारले आणि अण्णाभाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात जन्मले. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे.

टिळकांच्या निधनाची वेळ सांगतात ती मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४० मिनिटांची. थोडं आधी झालं असतं, तर आपण ३१ जुलैला पुण्यतिथी पाळली असती. त्या काळी मुंबईत दोन घड्याळं चालत. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, तरी शहराने स्वतःची ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती आणि ती ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे १२.४० ही प्रमाणवेळ धरली, तर मुंबई वेळेनुसार बारा वाजून एकच मिनिट झालं होतं! कुठलंही घड्याळ घ्या, तारीख १ ऑगस्टच येते. पंचांगाचा हिशेब मात्र निराळा. तिथे वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून ती रात्र शनिवारचीच. टिळकांना हा हिशेब नक्की आवडला असता. पंचांगशुद्धीचा त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला आणि त्यांच्या नावाचं पंचांग आजही पाळलं जातं.

त्याच दिवशी गांधीजींनी ‘कैसर-ई-हिंद’ पदक व्हाइसरॉयला परत पाठवलं आणि असहकार सुरू झाला. ही तारीख आधीच ठरलेली होती. भर पावसात चौपाटीवर टिळकांना निरोप द्यायला लोटलेल्या जनसागरात गांधीजीही होते.

आता दुसरा प्रश्न. तारीख जुळणं हा योगायोग आहे आणि त्यातून भाग्यरेषा काढत बसण्यात अर्थ नाही. दोघांना जोडणारा खरा धागा मुंबईच्या गिरणगावात आहे, आणि भाषणांत नेमका तोच राहून जातो.

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या उच्च न्यायालयाने टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता. त्या दिवसापासून गिरण्या बंद पडू लागल्या. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एक, असे सहा दिवस कामगारांनी संप केला. रस्त्यावर लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. पगारवाढ किंवा बोनस ही मागणीच नव्हती. आपला पुढारी तुरुंगात घातला, एवढंच कारण. या संपाची दखल खुद्द लेनिनने त्याच वर्षी आपल्या लेखात घेतली.

पुढे त्याच गिरणगावात वाटेगावचा तुकाराम भाऊराव साठे हा मुलगा, म्हणजेच अण्णाभाऊ, आला. गावाहून मुंबई त्याने पायी गाठली होती. शाळा जवळजवळ नाहीच. मिळेल ते काम केलं, गिरणीत राबला आणि लाल बावट्याखाली गेला. ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीने सभा हलवल्या. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ ची ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले.

दोघांच्या विचारांत अंतर होतं आणि ते मुलांपासून लपवू नये. सामाजिक सुधारणांच्या बाबतीत टिळक अनेकदा सनातनी बाजूला उभे राहिले. संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी केलेला विरोध प्रसिद्ध आहे. अण्णाभाऊंचं बरंचसं लेखन गावकुसाबाहेरच्या माणसाचं. दोन्ही तसबिरींना एकदम हार घालून हे अंतर झाकलं, तर दोघांवरही अन्याय होतो.

तेव्हा यंदा तुमच्या शाळेत १९०८ च्या संपाची हकीगत सांगा आणि लगेच ‘फकिरा’मधलं एखादं प्रकरण मोठ्याने वाचा. सातवीच्या पुढच्या मुलांना दोन्ही सहज समजेल.