मैदानावरच्या सरांविषयी थोडं बोलू

ताई-दादांनो, मुलांच्या मार्कांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज त्यांच्या फुटबॉलच्या सरांविषयी बोलू या.

जळगाव असो की धुळे, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. सकाळी नऊनंतर मैदानावर पाय ठेववत नाही, म्हणून प्रॅक्टिस उजाडतानाच घ्यावी लागते. तुमची मुलं डोळे चोळत पोहोचतात, त्याच्या आधी कुणीतरी येऊन काचा आणि खडे वेचलेले असतात, फक्की मारलेली असते, पंप घेऊन चेंडूंत हवा भरलेली असते. हाच माणूस नंतर शाळेत शिकवायला, दुकान उघडायला किंवा पाळीवर जातो आणि संध्याकाळी पुन्हा मैदानावर हजर होतो. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला धरून बसते, तेव्हाही तो येतो. लहान क्लबांमध्ये या कामाला पगार नसतो. तुम्ही भरता ती फी चेंडू, जाळी आणि स्पर्धेची प्रवेश फी यातच संपते. जळगावहून धुळ्याला सामन्याला जायचं तर नव्वदेक किलोमीटरचा प्रवास, आणि ज्या मुलाकडे भाड्याला पैसे नसतात त्याचं तिकीट बहुतेक वेळा सरांच्याच खिशातून निघतं. ही माणसं त्याचा उल्लेख कुठे करत नाहीत, म्हणून मी करतो आहे.

या वेडाची खोली समजून घ्यायची असेल तर नागपूरच्या विजय बारसे सरांकडे बघा. नागराज मंजुळे यांच्या 2022 च्या ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन यांनी जी भूमिका केली, ती त्यांच्यावरूनच घेतलेली. बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. 2001 च्या आसपासची गोष्ट. पावसात झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी बादली लाथाडत खेळत होती. त्यांनी पोरांना चेंडू दिला. इथपर्यंत आपल्यापैकी पुष्कळ जण करतील. बारसे दुसऱ्या दिवशीही गेले, आणि मग जातच राहिले. मला त्यांचं मोठेपण या जात राहण्यात दिसतं. पुढे त्यांनी नागपुरात झोपडपट्ट्यांमधल्या संघांची स्पर्धा भरवली तेव्हा 128 संघ उतरले. मुलं होतीच तिथे, खेळही होता. त्यांच्यासाठी रोज येणारं मोठं माणूस तेवढं नव्हतं. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून बारसे यांनी नागपूरच्या बाहेर मुलांसाठी जमीन घेतली. निवृत्तीचा पैसा घरात किती हिशेबांत वाटलेला असतो, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून यात त्यांच्या पत्नीचाही वाटा मी तेवढाच मोठा मानतो. मुलगा अभिजित अमेरिकेतून परतून याच कामात आला. त्यांच्या ‘स्लम सॉकर’ संस्थेला 2016 मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला.

पुरस्कारापेक्षा मला अखिलेश पॉल महत्त्वाचा वाटतो. गुन्हेगारी आणि नशेत पुरता अडकलेला हा नागपूरचा पोरगा या मैदानावर आला, टिकला, आणि 2010 मध्ये रिओला झालेल्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. नंतर तो स्वतः इतर मुलांना शिकवू लागला. त्याला पहिल्या दिवशी उभं करून ‘हा जिल्हा संघात जाईल का’ असं विचारलं असतं, तर कुणी हो म्हटलं असतं? बारसे यांनी तो प्रश्न विचारलाच नाही. आलास ना, मग खेळ.

इथे मला तुमच्याशी खरं बोलायचं आहे. सरांशी आपण कधी बोलतो? बहुतेक वेळा यादी लागल्यावर. ‘आमच्या आंडोरला का घेतलं नाही, अमक्याला कसं घेतलं?’ शालेय स्पर्धेत वरच्या स्तरावर खेळलं की दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे चौकशी करणं चूक नाही. पण संघात मैदानावर उतरतात अकरा, आणि सर शिकवतात चाळीस-पन्नास मुलांना. यादीत नसलेल्या पोराचा पास सुधारावा म्हणून त्यांनी महिनोन्‌महिने दिलेल्या सकाळी त्या एका कागदावर मोजल्या गेल्या, तर ते आतून दुखावतात. बाहेरून बोलत नाहीत, एवढंच.

आणि नववी संपली की आपण काय करतो? ‘आता खेळ बंद, क्लास सुरू.’ चौदा वर्षांचं पोर, नुकतं खेळ समजायला लागलेलं, एका सोमवारी यायचंच बंद होतं. अनेकदा सरांना निरोपही नसतो. दहावीचं ओझं मी नाकारत नाही. पण आठवड्यातून दोन सकाळी ठेवता येतात, आणि अजिबात जमणारच नसेल तर पोराला घेऊन स्वतः जा, सरांना सांगा. इतकी वर्षं ज्यांनी तुमच्या लेकराच्या गुडघ्यांना औषध लावलं, त्यांचा एवढा मान तर राखायला हवा.

कोल्हापुरात फुटबॉलचं चित्र वेगळं दिसतं. तिथे पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार अशा संघांच्या मागे अख्खी पेठ उभी असते. शाहू स्टेडियमवर सामना असला की आजोबांपासून नातवापर्यंत सगळे हजर. 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा. आपल्या खानदेशात माणुसकीला तोटा नाही, लग्नकार्यात आणि दुखण्याखुपण्यात गल्ली धावून येते. मैदानावर मात्र आपण सरांना एकटं सोडून दिलं आहे.

सरांच्या पाठीशी उभे राहा म्हणताना डोळे मिटा असं मी म्हणत नाही. बाहेरगावी संघ जाताना सोबत कोण आहे, मुक्काम कुठे आहे, मुलींबरोबर बाई माणूस आहे का, हे विचाराच. चांगल्या सरांना या प्रश्नांचा राग येत नाही. उलट सोबत येणारे दोन पालक मिळाले तर त्यांच्या जिवाचा घोर कमी होतो.

मुलींविषयी तर वेगळं सांगायला हवं. अनेक सर मला एकच सांगतात: आंडेर दहा-अकरा वर्षांची असेपर्यंत येते, मग घरून बंद होते. कारणं तुम्हाला ठाऊक आहेत, अंधारातला रस्ता, लोक काय म्हणतील, आणि कपडे बदलायला मैदानावर आडोसा नसणं. पहिल्याला आई-बाबा आळीपाळीने सोबत जाऊ शकतात. तिसऱ्यासाठी चार पालक मिळून शाळेकडे किंवा नगरसेवकाकडे गेले तर एक खोली उभी राहू शकते. सर हे मागून थकलेले असतात, कारण ते एकटे जातात. मधल्या कारणाचा बंदोबस्त मात्र आपल्याच ओट्यावर करावा लागेल.

तेव्हा येत्या रविवारी लेकराला गेटपाशी सोडून गाडी वळवू नका, आत या. फक्की मारायला एक माणूस लागतो, पाण्याचे जार उचलायला दोन, हजेरीची वही सांभाळायला एखादी नीटनेटकी आई. कुणाची जुनी पण धड असलेली स्टडची जोडी घरी पडली असेल तर तीही घेऊन या. आणि सरांनी चहा घेतला आहे का, ते विचारा.