बहिरा उंदीर आणि आपला ताप

"डॉक्टर, एक जोरदार इंजेक्शन मारून द्या. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे."

पावसाळा लागला की सातपूर-अंबडकडच्या कामगारांचे हे वाक्य मला रोज ऐकावे लागते. ताप, अंगदुखी, डोके ठणकणे अशा तक्रारी असतात आणि तपासल्यावर बहुतेकांना विषाणूचा ताप निघतो. इंजेक्शनची गरज नाही म्हटले की पेशंटचा चेहरा पडतो. अशा सर्वांसाठी आज एका उंदराची गोष्ट सांगतो.

मालेगावची साथ

२००६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यात मालेगावला चिकुनगुन्याची मोठी साथ आली. दोन हजारांवर रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्रात हा रोग त्यापूर्वी १९७३ साली बार्शीला आला होता. मधली तीस वर्षे त्याचे नावही ऐकू येत नव्हते. आमच्यापैकी अनेक डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला. तिकडून माझ्याकडे आलेले पेशंट भिंतीला धरून चालत. घरातला तरुण मुलगा चार-पाच दिवसांत उठून बसे, पण त्याच घरातले तान्हे बाळ किंवा आजोबा यांना कधी मोठ्या दवाखान्यात हलवावे लागे. डास तोच, विषाणू तोच, मग हा फरक का?

शरीरातली दवंडी

विषाणू पेशीत शिरला की ती पेशी एक प्रथिन बाहेर सोडते. त्याचे नाव इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी ते शोधले. गावात चोर शिरल्यावर दवंडी पिटावी तसे त्याचे काम. दवंडी ऐकून शेजारच्या पेशी दारे-खिडक्या लावून घेतात, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारी प्रथिने तयार करतात.

पण दवंडी ऐकायला कान हवेत. पेशीच्या पृष्ठभागावर इंटरफेरॉन पकडणारा ग्राहक असतो, तो पेशीचा कान. हा कान कसा घडवायचा याची कृती जनुकात लिहिलेली असते.

१९९४ साली झुरिकच्या शास्त्रज्ञांनी या ग्राहकाचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. दिसायला ते अगदी धडधाकट होते, खातपीत होते, वाढतही होते. पण विषाणू टोचल्यावर त्यांचा टिकाव लागेना. एरवी साधा उंदीर जो विषाणू सहज पचवतो, त्यानेच हे बहिरे उंदीर मरत.

२००८ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेने अशा उंदरांवर चिकुनगुन्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. साध्या प्रौढ उंदरांना काही झाले नाही. ज्यांच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी होती, त्यांना सौम्य आजार झाला. दोन्ही प्रती निकामी असलेले मात्र गंभीर आजारी पडले. जनुक शाबूत असूनही अगदी लहान पिल्लांना आजार जड गेला. मालेगावची तान्ही बाळे मला हे वाचताना आठवली.

माणसांचे काय? २०२० साली असे आढळले की कोविडचा प्राणघातक न्यूमोनिया झालेल्यांपैकी निदान दहा टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये होती. येथे कान शाबूत, पण दवंडीच दाबली गेलेली. पुढे असेही दिसले की सत्तरीनंतर अशी प्रतिद्रव्ये अधिक लोकांत सापडतात.

मग तापाचे काय करावे?

पूर्वी सी प्रकारच्या काविळीवर इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. ती घेतल्यावर पेशंटला थंडी-ताप येई, अंग ठणके, अगदी फ्ल्यूसारखे. म्हणजे आपण ज्या अंगदुखीवर चिडतो, तिचा काही भाग त्या दवंडीचाच आवाज असतो.

अँटिबायोटिक जंतूंवर चालते, विषाणूवर नाही. 'पॉवरफुल' म्हणून टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनात पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने दोन दिवस बरे वाटते, पण शरीराची लढाई ढिली पडते. सुरुवातीच्या वर्षांत पेशंटच्या आग्रहापुढे मीही मान तुकवली आहे. आज तुकवत नाही.

पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्यावी. पेज, ताक, लिंबूपाणी, नारळपाणी भरपूर प्यावे आणि विश्रांती घ्यावी. डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे, कारण रक्तस्रावाचा धोका असतो.

मात्र पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, धाप, ग्लानी, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे दोन दिवस विशेष जपावे. तान्हे बाळ, गरोदर बाई आणि वृद्ध यांना तापाच्या पहिल्याच दिवशी दाखवा.

आणि आठवड्यातून एक दिवस ड्रम, रांजण, कूलर रिकामे करून, घासून कोरडे ठेवा. हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यातच वाढतो.

त्या कामगाराला मी इंजेक्शनऐवजी तीन दिवसांच्या रजेचे सर्टिफिकेट लिहून दिले. चौथ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी कामावर गेला.